नाग्याचं भांडण

पनवेलहून नेरे ओलांडून माथेरानच्या पायथ्याकडे निघालं की ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या लागतात आणि समोर प्रबळगड-कलावंतीण उभे राहतात. याच तालुक्याच्या दक्षिण अंगाला कर्नाळ्याचा सुळका आहे. त्याच्या कातळाला आग्या माश्यांची मोहोळं लटकतात. गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे मराठी वाचकांचे गोनीदा, यांनी १९६५ साली ‘जैत रे जैत’ लिहिली ती या परिसरातल्या ठाकरांवर. गोनीदांची गणना आपल्याकडे निसर्गवेडे, दुर्गप्रेमी, रसाळ कथेकरी अशी होते आणि तिथेच थांबते. कौतुक खरं असलं तरी त्यामुळे त्यांच्यातला गंभीर कादंबरीकार झाकला गेला. ‘जैत रे जैत’ ही मराठीतली एक मोठी वैचारिक कादंबरी आहे, आणि मुलांना गोष्ट सांगण्याची जी रीत गोनीदांच्या हाडात मुरली होती तिच्यामुळेच तिला हे मोठेपण आलं, असं माझं म्हणणं आहे.

ही रीत त्यांनी पुस्तकांतून उचलली नव्हती. ८ जुलै १९१६ला विदर्भात परतवाड्याला जन्मलेल्या या मुलाची शाळा सातवीतच सुटली. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्याने घर सोडलं. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचं अध्ययन, नर्मदेची परिक्रमा अशी भटकंती झाली. तिच्यातूनच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ‘स्मरणगाथा’ आली. यातला गाडगे महाराजांचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. महाराज कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारत, त्याच्याकडून उत्तर काढून घेत आणि त्याच उत्तराला धरून पुढे जात. श्रोता निरक्षर असेल, पण बिनडोक नाही, हे त्या कीर्तनाचं गृहीतक होतं. मुलांसाठी लिहिणाऱ्यालाही नेमकं हेच गृहीत धरावं लागतं. गोनीदांनी ‘आईची देणगी’सारखी पुस्तकं मुलांसाठी लिहिली, आणि मोठ्यांसाठी लिहितानाही समोर ऐकणारं कुणीतरी बसलं आहे हे ते विसरले नाहीत. वीणा देव आणि विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं वर्षानुवर्षं केली आणि सभागृहं शांतपणे ती ऐकत राहिली. कानाला पेलणार नाही अशी वाक्यं त्या कादंबऱ्यांत असती, तर हे जमलं नसतं.

आता ‘जैत रे जैत’चा नायक नाग्या याची गोष्ट पाहा. तो भगताचा मुलगा. जो पुण्यवंत असेल त्याला राणीमाशीचं दर्शन होतं, असं त्याच्या मनाने घेतलं आहे. म्हणून तो पुण्यवंत व्हायला निघतो. माश्या त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याचा एक डोळा जातो. आग्या मोहोळ म्हणजे कपारीखाली उघडंच लोंबणारं एकेरी पोळं. माश्यांचा थर हेच त्याचं कवच. एक माशी डसली की डसताना सुटणाऱ्या वासाने बाकीच्या उठतात, आणि पळणाऱ्याचा दूरवर पिच्छा पुरवतात. अशा पोळ्याशी एक जायबंदी तरुण वैर धरतो. नवरा सोडून आलेली चिंधी त्याला साथ देते. शेवटी तो मोहोळ असलेला देवाचा, लिंगोबाचा, डोंगर चढून जातो. इच्छा, घाव, पण आणि चढाई: एवढ्यावर कुठल्याही मुलाला सांगता येईल अशी गोष्ट उभी राहते. पण तिच्या पोटातला प्रश्न सोपा नाही. मी वावगं काही केलं नाही, तरी मला ही शिक्षा का? पुण्याचा आणि फळाचा हिशेब कोण ठेवतो, आणि तो चुकला तर दाद कुणाकडे मागायची? हर्मन मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’मध्ये देवमाशाने पाय तोडलेला कप्तान सूडाने पेटून समुद्र पालथा घालतो, त्याची इथे आठवण होणं स्वाभाविक आहे. मात्र त्या कप्तानाचा द्वेष त्याच्या एकट्याचा आहे आणि तो सगळ्या जहाजाला घेऊन बुडतो. नाग्याचं भांडण देवाशी आहे, आणि ते तो आपल्या माणसांत राहून भांडतो. त्याची जैत होते तीही निर्भेळ नाही. तिची किंमत चिंधीच्या रूपाने मोजावी लागते.

‘जैत रे जैत’च्या दोनच वर्षं आधी, १९६३ साली, ‘कोसला’ ही कादंबरी आली होती. जगण्याच्या अर्थाचा प्रश्न तिथे पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकराला पडतो. असा प्रश्न पडायला कॉलेज, वाचन, खोलीतलं एकटेपण लागतं, असा आपल्या समीक्षेचा नकळत समज झाला असावा. गोनीदांनी तो प्रश्न पनवेल तालुक्यातल्या एका ठाकराला पडू दिला, आणि तोही त्याच्याच बोलीत, त्याच्याच देवासमोर. याची नोंद व्हावी तेवढी झाली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. ब्राह्मण घरातला, तळेगाव दाभाड्याला राहणारा लेखक ठाकरांचं जगणं बाहेरून पाहतो. जंगलखातं, सावकार, जमिनीचे तंटे त्याच्या चित्रात फिके राहतात. हे मान्यच करायला हवं. वाडीवरच्या माणसाला वर्षभर काय खायला मिळतं आणि काय हिरावून घेतलं जातं, हे जाणून घ्यायला ही कादंबरी अपुरी आहे. पण आदिवासी पात्र म्हणजे दयेचा विषय किंवा शोषणाचं उदाहरण, एवढीच वाट साहित्याने मोकळी ठेवली, तर त्याच्या मनाला विचार करण्याचा हक्क आपण नाकारतो. गोनीदांनी तो नाकारला नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं मोठेपण चित्रपटाचं आहे. जब्बार पटेलांचा १९७७चा चित्रपट, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांनी ‘जैत रे जैत’ घराघरांत नेली, यात शंका नाही. पण जवळजवळ सगळी गोष्ट गाण्यांतून नेता आली, कारण तिचा सांगाडाच तसा होता. चार-पाच पायऱ्यांची, ऐकून लक्षात राहणारी गोष्ट कादंबरीकाराने आधीच रचून ठेवली होती.

तिसरा आक्षेप गतकाळाच्या ओढीचा. गोनीदांच्या ‘पडघवली’तली अंबूवहिनी मोडत चाललेल्या कोकणातल्या गावाचं दुःख सांगते, ‘माचीवरला बुधा’ मुंबई सोडून राजमाचीवर परततो, तेव्हा लेखकाचं मन कुठे आहे ते लपत नाही. ‘पडघवली’त जुन्या व्यवस्थेचे अन्याय मायेच्या पडद्याआड जातात, हेही मला खटकतं. तरी याच लेखकाने भाक्रा-नांगलच्या धरणावर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ लिहिली. नदी अडवणाऱ्या माणसांचा पुरुषार्थ त्याला तितकाच भावला. आणि नाग्या तर परंपरेला शरण जात नाही. लिंगोबाच्या अंगावरचं मोहोळ उतरवायला निघालेला भगताचा मुलगा हे गतकाळाचे गोडवे गाणारं पात्र कसं म्हणायचं? १९८१च्या अकोला साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद गोनीदांकडे आलं, तोवर ते वाचकांचे लाडके होऊन बराच काळ लोटला होता. समीक्षेने मात्र त्यांच्या किल्ल्यांकडे जितकं पाहिलं, तितकं नाग्याच्या भांडणाकडे पाहिलं नाही. हे वाचन नव्याने करायचं, तर त्याची सुरुवात कर्नाळा आणि नेऱ्याच्या आसपासच्या वाड्यांवरच्या शाळांतून व्हावी. तिथल्या मुलांना ही कादंबरी वाचून दाखवावी आणि नाग्याचं काय चुकलं, काय बरोबर होतं, हे त्यांनाच विचारावं.