कसब आहे, पण कागद कुठे?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडलं की डोलवीचा पोलाद कारखाना आणि पाठोपाठ गडब. इथपासून रोह्याच्या धाटाव एमआयडीसीपर्यंत कितीतरी घरांचं जेवणखाण शिफ्टच्या वेळांवर चालतं. आयटीआय करून फिटर म्हणून लागलेला माणूस वीसेक वर्षांत नुसत्या आवाजावरून सांगतो, पंपाचं बेअरिंग जाणार म्हणून. नवा पदवीधर त्याला ‘काका’ म्हणत काम शिकतो आणि बघता बघता त्याचाच साहेब होतो.

या काकांना केवळ अनुभवावर अभियंत्यांच्या संस्थेत जागा मिळेल का?

एके काळी मिळत असे. मुंबईच्या गोदीत, घरच्याच धंद्यात जहाजबांधणी शिकलेले आर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पदवी नव्हती, पण दाखवायला काम होतं.

ब्रिटनमध्ये तो रस्ता आजही उघडा आहे. तिथल्या इंजिनिअरिंग कौन्सिलच्या निकषांवर पदवी नसलेल्यालाही ‘चार्टर्ड इंजिनिअर’ होता येतं. त्यासाठी केलेल्या कामाचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो आणि जाणकारांसमोर मुलाखतीला बसावं लागतं. आपला माणूस अडतो तो इथेच. ‘आम्ही शटडाऊन वेळेत संपवला’ एवढ्यावर भागत नाही. त्यात तू काय ठरवलंस? दुसरा पर्याय का सोडलास? चुकलं असतं तर कुणाच्या जिवावर बेतलं असतं? लॉगबुकात यातलं काहीच उतरत नाही. तिथे फक्त ‘बेअरिंग बदलले’.

आपल्याकडे १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सनं मधली वाट काढली. नोकरी सांभाळून एएमआयईच्या सेक्शन ए आणि सेक्शन बी परीक्षा द्यायच्या. नाईट शिफ्ट करून गणिताचे पेपर देणं म्हणजे काय, हे ज्यानं दिले त्यालाच विचारावं. सरकार या परीक्षेला पदवीच्या बरोबरीची मानत असे. ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरती राहिली. कष्टकऱ्यांची ही शिडी काढून घेताना तितकीच परवडणारी दुसरी द्यायला हवी होती, असं मला वाटतं. वास्तुविशारदांच्या १९७२ च्या कायद्यानं निदान तेव्हा पाच वर्षं व्यवसाय केलेल्या बिनपदवीवाल्यांनाही नोंदणीची संधी दिली होती.

गडबच्या फिटरला जवळचा वाटावा असा नमुना बॉयलरचा आहे. बॉयलर अटेंडंटला ठरावीक अनुभवानंतर परीक्षा देता येते, आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र शोभेचं नसतं. कायद्यानं ते लागतंच. अनुभव मोजता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.

मात्र कुठलाही मार्ग धरा, अनुभवाचा पुरावा आधी मागतात. कंत्राटी कामगाराची खरी अडचण तीच. प्लांट एक, मशीन एक, पण दहा वर्षांत ठेकेदार चार. तेव्हा प्रत्येक मोठ्या कामानंतर घरी वहीत लिहावं: बिघाड कोणता, आपण काय सुचवलं, कोणत्या साहेबानं मान्य केलं. आणि कामाच्या नेमक्या स्वरूपासह अनुभवपत्र ठेका बदलायच्या आधीच मागून घ्यावं. नंतर ठेकेदाराचं ऑफिसच जागेवर नसतं.