संगणकाची स्मृती आणि तिचा कारभारी

वार्षिक परीक्षेच्या निकालाचे दिवस होते. शाळेच्या कार्यालयातील जुन्या संगणकावर लिपिक गुणतक्ता भरीत होते. सोय म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची छायाचित्रेही त्या तक्त्यातच चिकटवली होती. शेजारी दोन-तीन परिपत्रके उघडी होती. बघता बघता यंत्र मंदावले, पडद्यावरील बाण जागचा हलेना, आणि थोड्या वेळाने तक्ता आपोआप नाहीसा झाला. जतन न केलेले एका तुकडीचे सर्व गुण गेले. लिपिकांनी यंत्राला दोष दिला. मी, खरे सांगायचे तर, लिपिकांना दिला. पुढे चौकशी केली तेव्हा उमगले की यंत्र बिघडलेले नव्हते. त्याने विचारपूर्वक नव्हे, पण नियमानुसार एक निर्णय घेतला होता.

आमच्या त्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. हेलसिंकी येथील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती लिहावयास घेतली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा घरातील कारभारी. स्मृती म्हणजे स्वयंपाकघरातील ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली, असे समजावे. ओट्यावरची वस्तू चटकन हाती येते, परंतु ओटा लहान असतो. म्हणून काय ओट्यावर ठेवावे आणि काय कोठीत न्यावे, हे कारभाऱ्याने ठरवायचे. ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली कार्यान्वित झालेल्या 'ॲटलास' संगणकात स्मृतीची पाने पाडून ती ड्रमवर आपोआप नेण्या-आणण्याची व्यवस्था होती.

लिनक्समध्ये असे एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे असते. वापरात असलेल्या आणि पडून राहिलेल्या पानांच्या याद्या कर्नल ठेवतो. मोकळी जागा ठराविक खुणेखाली गेली की पडद्याआड एक सेवक जागा होतो आणि पडून राहिलेली पाने काढू लागतो. डिस्कवर जशीच्या तशी प्रत असलेले पान सरळ टाकून देता येते. बदललेले पान आधी लिहून ठेवावे लागते. परंतु आज्ञावलीने स्वतः निर्माण केलेल्या मजकुराची प्रत कोठेच नसते. तो हलवावयाचा तर 'स्वॅप' नावाची राखीव जागा हवी. ती आमच्या यंत्रात नव्हती.

सेवकाला काम आवरेनासे झाले, म्हणजे जी आज्ञावली जागा मागते तिलाच थांबून सफाईला हातभार लावावा लागतो. शिवाय आताच टाकलेले पान पुढच्या क्षणी पुन्हा लागते. मग सारा वेळ ने-आण करण्यात जातो आणि मूळ काम उपाशी राहते. या अवस्थेचे विवेचन पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच केले होते. आमचा बाण अडकला तो याच वेळी.

हेही निष्फळ ठरले की कर्नल एका आज्ञावलीचा बळी देतो. निवड प्रामुख्याने एकाच कसोटीवर होते : सर्वांत जास्त स्मृती कोणी व्यापली आहे? छायाचित्रांनी जड झालेला आमचा तक्ता त्या कसोटीला उतरला. त्यात मुलांच्या वर्षभराच्या श्रमांचा हिशेब आहे, हे कर्नलला कसे कळावे?

अशी वेळ येऊ नये म्हणून आधीच मर्यादा आखण्याची सोय आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ साली आज्ञावलींचे गट पाडण्याच्या कामास आरंभ केला. २००८ साली ती व्यवस्था कर्नलमध्ये आली आणि त्याच वर्षी स्मृतीवरील नियंत्रणही तीत आले. २०१६ साली अधिकृत झालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटासाठी चार रेषा आखता येतात. पहिलीच्या आतील स्मृती काढून घेतली जात नाही. दुसरीच्या आतील शक्य तोवर राखली जाते. तिसरी ओलांडली तर गटाची गती रोखून त्याची पाने काढली जातात, पण त्या रेषेपायी कोणाचा बळी जात नाही. चौथी मात्र अखेरची. तेथे पाने काढूनही भागले नाही, तर बळी त्याच गटातून जातो. एकाच्या हावेची झळ शेजाऱ्याला लागू नये, हा त्यातील हेतू. शेवटच्या रेषेआधी सावध करणारी रेषा असावी, हा विचार मला विशेष भावला.

आम्ही आता स्वॅपची जागा राखली आहे, छायाचित्रे तक्त्याबाहेर काढली आहेत आणि दर दहा मिनिटांनी काम जतन करण्याचा शिरस्ता पाडला आहे. स्वॅपने जागा वाढते, पण ती संथ असते; तिच्यावर सारा भार टाकून चालत नाही. घरोघरी आता मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांची कागदपत्रे संगणकावर असतात. कारभारी जागेचा हिशेब चोख ठेवतो. त्या जागेत काय मोलाचे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते आपणच वेळीच जतन करून ठेवले पाहिजे. लिपिकांची मी त्याच दिवशी क्षमा मागितली, आणि हरवलेले गुण आम्ही दोघांनी मिळून पुन्हा भरले.