गॅलरीतली औषधी बाग (भाग ९) : अश्वगंधा पावसानंतरच लावा

मागच्या भागात आपण अडुळसा पाहिला. बदलापूर-अंबरनाथच्या पावसात तो कुंपणालाही फोफावतो. या भागातली अश्वगंधा त्याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तिला कोरडी हवा, हलकी जमीन आणि भरपूर ऊन लागतं. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात तिची मोठी शेती होते. तिथं वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर आपल्या ठाणे जिल्ह्यात सुमारे अडीच हजार. जूनमध्ये हौसेनं आणलेलं रोप ऑगस्टपर्यंत पिवळं पडून मरतं, ते यामुळेच. पाण्यात मूळ कुजतं, आणि या झाडाचं औषध तर मुळातच असतं.

म्हणून आपल्याकडे तिचा हंगाम गणपतीत सुरू करायचा आणि होळीच्या सुमारास संपवायचा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छपराखाली, पावसाचं पाणी येणार नाही अशा जागी ट्रेमध्ये बी पेरावं. बी बारीक असतं, त्यामुळे ते खोल न पुरता वर मातीचा पातळ थर द्यावा. आठ ते पंधरा दिवसांत उगवण होते. जुनं बी नीट उगवत नाही, म्हणून खरेदी करताना ते याच वर्षीचं आहे ना, हे विचारून घ्या. रोपं पाच-सहा आठवड्यांची झाली की ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस परतल्यावर, मोठ्या कुंडीत हलवावीत. जातींमध्ये ‘जवाहर असगंध-२०’ आणि लखनौच्या सीमॅप संस्थेची ‘पोषिता’ या नावाजलेल्या आहेत.

आता मातीबद्दल. हा मुद्दा उल्हासनगर आणि अंबरनाथच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहत येणारी वालधुनी पुढं उल्हासनगरातून जाते. कारखान्यांचं सांडपाणी आणि शहराचा मैला यांनी ती इतकी बिघडली की प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. अशा नदीकाठची, नाल्याकाठची किंवा जुन्या कारखान्याच्या आवारातली माती कितीही काळी, भुसभुशीत दिसली तरी औषधी झाडाला वापरू नका. वनस्पती मातीतले जड धातू मुळांवाटे ओढून घेतात. मूळ धुतलं, वाळवलं, उकळलं तरी आत शिरलेले धातू निघत नाहीत. शोभेच्या झाडाला जी माती चालेल, ती अश्वगंधेला चालेलच असं नाही.

कुंडी किमान एक फूट खोल हवी आणि तळाला भोकं मोकळी हवीत. खात्रीच्या जागेची माती, धुतलेली वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समप्रमाणात मिसळा. आपल्याकडच्या रोपवाटिकांत मिळणारी तांबडी माती बहुधा आम्लधर्मी असते, तर अश्वगंधेला किंचित अल्कधर्मी जमीन मानवते. म्हणून त्या मातीत मूठभर चुनखडीची पूड मिसळावी. एका कुंडीत एकच रोप ठेवा. नत्राची खतं देऊ नका. त्यानं पाला माजतो आणि मूळ बारीक राहतं.

गॅलरीत निदान सहा तास ऊन यायला हवं. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. अश्वगंधा वांगी, टोमॅटो, मिरचीच्याच कुळातली आहे, त्यामुळे मावा, लाल कोळी आणि पानं कुरतडणारे ठिपक्यांचे भुंगेरे इथंही येतात. निंबोळी अर्काची फवारणी पुरते. ज्या कुंडीत गेल्या वर्षी टोमॅटो होता, तीत यंदा अश्वगंधा लावू नका.

पेरणीपासून पाच ते सहा महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं वाळू लागतात आणि कागदी पिशवीसारख्या आवरणातली फळं लाल होतात. काढणीची हीच वेळ. फळं आधी वेगळी काढा, त्यांतलं बी धुऊन सावलीत वाळवून ठेवा. मुलांना ही फळं तोंडात घालू देऊ नका. मग कुंडी आडवी करून माती सैल करा, म्हणजे मूळ अखंड निघतं. ते धुऊन बोटभर लांबीचे तुकडे करा आणि कडकडीत वाळवा. वाळलेला तुकडा वाकत नाही, कट्कन मोडतो, आणि आतून पांढरा दिसतो.

एका झाडापासून किती मिळेल? शेतात हेक्टरी साधारण चार-पाच क्विंटल वाळलेली मुळं निघतात. त्या मानानं कुंडीतल्या एका झाडाचं मूळ वाळल्यावर काही ग्रॅमच भरेल. आयुर्वेदात चूर्णाची रोजची मात्राच तीन ते सहा ग्रॅमची सांगितली आहे. तेव्हा चार कुंड्यांत घरचं औषध पिकवू, हा हिशेब जुळत नाही. ही लागवड पारख शिकण्यासाठी करा. स्वतः मूळ उपटून, वाळवून, मोडून पाहिलेल्या माणसाला काष्ठौषधींच्या दुकानातला माल ओळखता येतो. पाल्याची भेसळही त्याच्या लक्षात येते. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये उत्पादकांना औषधात अश्वगंधेची पानं वापरू नयेत, असं बजावलं होतं. आयुर्वेदाच्या परंपरेत वापर मुळाचा आहे.

घरचं असलं तरी ते औषधच आहे. गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरही घेऊ नये.

पुढच्या आठवड्यात शतावरी. तोवर अश्वगंधेचं ताजं बी मिळवा, कुंडी भरून ठेवा आणि मातीची खात्री करून घ्या. मार्चमध्ये मिळालेलं बी शेजाऱ्यांनाही द्या.