वाकलेली पाठ सरळ करणारी बाई



गौरी-गणपतीत आपण रात्र रात्र फुगड्या घालतो. आपल्याला कोणी शाळेत नाच शिकवला नाही. आई, मावशी, शेजारची काकी, यांनीच हात धरून रिंगणात ओढलं. म्हणून नाच शिकवणाऱ्या बाईची आठवण आपल्याला वेगळीच असते. आज अशाच एका मोठ्या बाईंबद्दल सांगते, आणि त्या ज्या आजाराने गेल्या त्याबद्दलही.

त्यांचं नाव चंद्रलेखा. जन्म 1928 सालचा, आपल्याच महाराष्ट्रातल्या वाड्याचा. वाडा आता पालघर जिल्ह्यात येतं. पुढे त्या चेन्नईला गेल्या आणि भरतनाट्यम शिकल्या. 1952 साली त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, तो दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी. त्या नाचत होत्या नदीच्या भरल्या पाण्यावर, आणि मनात येत होतं की बाहेर तर प्यायला पाणी नाही! मे महिन्यात विहिरीचा तळ बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हापासून नाच म्हणजे नुसतं नटणं नाही, असं त्यांनी धरलं. बाईचं शरीर हीच तिची ताकद, हे त्यांनी शिकवलं. 1991 साली त्यांनी ‘श्री’ नावाचा नाच बसवला. त्यात पाठीतून वाकलेल्या बायका दिसतात, आणि शेवटी बाईची शक्ती उभी राहते. स्त्री-चळवळीसाठी त्यांनी पोस्टरंही केली. 30 डिसेंबर 2006 रोजी कर्करोगाने त्या गेल्या. त्यांनी तयार केलेल्या नर्तकी आणि त्यांचे नाच मागे राहिले.

आता आपल्याकडे वळू. लावणीच्या दिवसांत आपण दिवसभर वाकून असतो. पाठ दुखली तर बाम लावतो. पण छातीत गाठ लागली तर? “लावणी होऊ दे, गणपती होऊ दे, मग बघू” म्हणतो. लाज वाटते, पैशाची भीती वाटते. आणि तेवढ्यात महिने निघून जातात. कर्करोगात हेच महिने महाग पडतात.

कर्करोग म्हणजे काय? शरीरातल्या पेशी गरजेपुरत्या वाढतात आणि थांबतात. काही पेशी थांबायचं विसरतात, वाढत जातात आणि दुसरीकडे पसरतात. पसरण्याआधी सापडला तर उपचार सोपे असतात आणि बरं होण्याची आशा मोठी असते. हा आजार शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. आजारी बाईचं ताट-वाटी वेगळी काढू नका.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- स्तन: छातीत किंवा काखेत गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं. सुरुवातीला गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच फसगत होते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही.
- गर्भाशयाचं तोंड: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, दोन पाळींच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पांढरं जाणं.
- तोंड: दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं. मशेरी लावणाऱ्यांनी हे खास बघावं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती दातांचं औषध नाही.

तपासणी कुठे? वय 30 पूर्ण झालं की या तिन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना दिवस विचारा. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग पडतो का ते बघतात. काही मिनिटांचं काम आहे. मुंबईत वस्त्यांमधल्या दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षं अभ्यास झाला. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या हाताने छाती तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे जवळजवळ 30 टक्के कमी झाले. मोठं मशीन नव्हतं, शिकलेला हात होता.

पैशाचं काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात, म्हणजे प्रत्येक वेळी मुंबई गाठायला नको. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहेच. जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च उरतो. त्यासाठी गटातून कर्ज मागायला लाजू नका. बचत अशाच दिवसांसाठी असते.

हैदराबादच्या नृत्यगुरू आनंदा शंकर जयंत यांना 2008 साली स्तनाचा कर्करोग निघाला. उपचार चालू असतानाही त्या नाचत राहिल्या, आणि बऱ्या झाल्यावरही नाचतात. कर्करोग म्हणजे सगळं संपलं असं नाही, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ता गोळा झाला की एक काम करा. तिशीवरच्या कोणाची तपासणी झाली नाही, त्यांची नावं लिहा आणि सगळ्या मिळून एकाच दिवशी जा. एकटीला लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही. फुगडीतही एकटीने फिरता येत नाही, समोरचीने हात घट्ट धरावा लागतो.