बेरीज कुणाच्या नावावर?

एप्रिल संपत आला की आमच्या डॅलसच्या ऑफिसात कामापेक्षा एनएफएलच्या ड्राफ्टची चर्चा जास्त. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे ३२ संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडून घेतात. २०२५ साली असे २५७ जण निवडले गेले. नाव पुकारलं गेलं रे गेलं की वाद सुरू: कॉलेज कुठलं, आणि ते कुठल्या कॉन्फरन्सचं? कॉन्फरन्स म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या कॉलेजांची मोट. कुणाच्या मोटेतून जास्त व्यावसायिक खेळाडू निघाले, यावर इथे वर्षभर मिशीला पीळ दिला जातो.

हा हिशेब मी दरवर्षी स्वतः मांडतो. एक्सेलची साधी शीट असते: निवडीचा क्रमांक, खेळाडू, जागा, कॉलेज, कॉन्फरन्स. शेवटच्या रकान्याची बेरीज केली की २०२५चं चित्र असं दिसतं: एसईसी ७९, बिग टेन ७१, एसीसी ४२, बिग ट्वेल्व ३१. एसईसी म्हणजे दक्षिणेकडच्या कॉलेजांची कॉन्फरन्स. २००७पासून दरवर्षी पहिला नंबर तिचाच. ७९ हा तर तोवरचा विक्रमच.

बहुतेक लोक इथेच थांबतात. पण हिशेबाची खरी गंमत यापुढे आहे.

आधी संघ मोजायचे. ड्राफ्टच्या आधीच्या, म्हणजे २०२४च्या हंगामात एसईसीत १६ संघ होते, बिग टेनमध्ये १८. म्हणजे एसईसीचे संघामागे जवळजवळ पाच खेळाडू, बिग टेनचे चारच्या आत. बेरजेत आठाचा दिसणारा फरक भागाकार केल्यावर आणखी रुंदावतो. मग विक्रमाकडे बघायचं. ७९पैकी १२ जण एकट्या टेक्सासचे. टेक्सास आणि ओक्लाहोमा २०२४च्या उन्हाळ्यात बिग ट्वेल्व सोडून एसईसीत आले. त्या बारातल्या अनेकांची भरती आणि तालीम टेक्सास बिग ट्वेल्वमध्ये असतानाची. मोजदाद मात्र एसईसीच्या खात्यात. बिग टेननेही त्याच उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए ही कॉलेजं आपल्यात घेतली. जुन्या बेरजेशी नवी बेरीज ताडताना हे ध्यानात ठेवलं नाही तर हिशेब गंडतो.

माझी शीट सगळ्यात जास्त अडते ती कॅम वॉर्डच्या ओळीवर. २०२५चा पहिला क्रमांक. कॉलेजच्या रकान्यात मायामी, कॉन्फरन्सच्या रकान्यात एसीसी. पण हा टेक्सासचा मुलगा आधी सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या खालच्या विभागातल्या छोट्या कॉलेजात दोन हंगाम खेळला, मग वॉशिंग्टन स्टेटमध्ये दोन, आणि मायामीत फक्त एक. ज्यांनी त्याला पहिली संधी दिली त्यांच्या पदरात शून्य. २०२१पासून कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे अशा ओळी वाढतच चालल्या आहेत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रकार. मी आता शीटमध्ये 'पहिलं कॉलेज' असा एक रकाना वाढवला आहे.

दुसरी अडचण वजनाची. २०२२च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर आणि २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा, आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी. बेरजेत दोघेही एक-एकच. तोच पर्डी फेब्रुवारी २०२४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, म्हणून एनएफएलचा अंतिम सामना, सुपर बोल, खेळला. निवड ही संघांची त्या दिवसाची अटकळ असते. खेळाडू टिकतो की नाही, हे संघाच्या ५३ जणांच्या यादीत त्याचं नाव किती हंगाम राहतं यावरून कळतं.

आणि खेळाडू 'घडवला' असं म्हणायचं तरी कुणाला? जॉर्जिया, फ्लोरिडा, टेक्सास, लुईझियाना ही शाळकरी फुटबॉलची कसदार राज्यं. एसईसीची कॉलेजं त्याच जमिनीवर उभी आहेत. शाळेतच नावाजलेली मुलं त्यांच्या दारात येतात. उलट जॉश अ‍ॅलनला शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजनं विचारलं नाही. कॅलिफोर्नियातल्या रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळून त्यानं प्रशिक्षकांना ईमेल धाडले. वायोमिंगनं त्याला घेतलं. २०१८मध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे २०२४च्या हंगामात एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वायोमिंगच्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्सची बेरीज दरवर्षी एसईसीपुढे किरकोळच असते.

माझा निकाल असा: व्यावसायिक खेळाडू पुरवण्यात एसईसी पहिली, यात वाद नाही, संघामागे मोजलं तरी पहिलीच. पण हे यश आधी निवडीचं आणि मग घडवण्याचं आहे. तेव्हा कुणी नुसती बेरीज तोंडावर फेकली, तर तीन गोष्टी विचारा. संघ किती होते? खेळाडू तिथे किती हंगाम खेळला? आणि चार-पाच वर्षांनी त्यातले किती जण अजून मैदानात आहेत? उत्तरं मिळेपर्यंत पैज लावू नका.