चेंडू अधर खेळविण्याचा अभ्यास

पावसाळा लागला कीं आपल्या उपनगरांतील शाळांमधून फुटबॉलचे दिवस सुरू होतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत जेथें म्हणून थोडीबहुत मोकळी जागा उरली आहे, तेथें चिखलांत मुलें चेंडूमागें धांवतांना दिसतात. अशा जागा थोड्या व मुलें पुष्कळ. त्यामुळें ज्याची शाळेच्या संघांत निवड झाली नाहीं, त्याच्या वांट्यास चेंडू येतो तो सायंकाळीं इमारतीच्या आवारांतच. तेथें पाय व मांडी यांनीं चेंडू भूमीस न लागूं देतां तो वरच्या वर उडवीत राहतो. ह्या खेळास 'जगलिंग' म्हणतात. आपण त्यास चेंडू अधर खेळविणें म्हणूं. हें पाहून कित्येक पालक विचारतात, "ही सर्कस कशासाठीं? सामन्यांत असें कोण खेळतो?" हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं, म्हणून या अभ्यासाचें खरें मोल कशांत आहे, तें नीट पाहिलें पाहिजे.

सामन्यांत चेंडू एक व खेळाडू बावीस. एखाद्या बुजऱ्या मुलाच्या पायास पूर्वार्धभर चेंडू फार थोडे वेळां लागतो. तोच मुलगा एकटा दहा मिनिटें चेंडू अधर खेळवूं लागला, तर अडखळत कां होईना, त्यास शेंकडों स्पर्श घडतात. तबला शिकणारा मैफलींत हात बसवीत नाहीं, घरीं बसवितो. तसेंच हें आहे. शिवाय येथें चूक चेंडूच दाखवून देतो. घोटा ढिला असला तर चेंडू वर उठतच नाहीं. पायाचीं बोटें वर ओढून धरलीं, तर तो स्वतःभोवतीं फिरत अंगावर येतो. मध्याच्या बाजूस आघात झाला, तर तिरपा पळतो. गुरुजींनीं शिट्टी वाजवून सांगावें, असें कांहीं उरतच नाहीं. एक पाय चेंडूस लागत असतांना शरीराचा सारा भार दुसऱ्यावर असतो. त्यामुळें तोल सांवरण्याची संवयही आपोआप लागते. आणि डावा पाय! बहुतेक मुलें तो केवळ उभें राहण्यापुरताच वापरतात. उजवा-डावा असा आळीपाळीनें खेळ केला, तर महिन्या-दोन महिन्यांत त्याची भीड चेपते.

आरंभ मात्र अगदीं साधा असावा. चेंडू हातांतून सोडावा, बुटाची नाडी बांधतात त्या पावलाच्या वरच्या भागानें एकदां हलकेच उडवावा व पुन्हां हातांत झेलावा. हें साधलें कीं दोनदां, मग तीनदां. चेंडू गुडघ्याच्या वर जाऊं देऊं नये. चेंडूही वयास योग्य हवा. मोठ्यांच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर व वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतें. आठ ते बारा वर्षांच्या मुलांनीं त्याहून लहान, चार नंबरचा चेंडू घ्यावा. डोक्यानें चेंडू उडविण्याचा हट्ट लहानांनीं धरूं नये. अमेरिकेंत २०१५ सालीं दहा वर्षें व त्याखालील मुलांस डोक्यानें चेंडू खेळण्याची बंदी जाहीर झाली, ती मेंदूस इजा पोंचूं नये म्हणूनच.

उघड्या पायास चेंडू अधिक कळतो, असें जुने खेळाडू म्हणत. ३१ जुलै १९४८ रोजीं लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचा संघ फ्रान्सशीं खेळला, तेव्हां आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सारंगपाणी रामन यांनीं गोल केला; पण दोन पेनल्टी वायां गेल्या आणि सामना २-१ असा हातचा गेला. तथापि मुंबईच्या पावसाळ्यांत हें अनुकरण नको. सांचलेल्या पाण्यांत लेप्टोस्पायरोसिसचें भय असतें. अनवाणी खेळावयाचें तर कोरड्या फरशीवर.

आतां सर्कशीच्या आक्षेपाकडे वळूं. अर्जेंटिनाचा डिएगो मॅराडोना लहानपणीं अर्जेंटिनोस ज्युनिअर्सच्या सामन्यांच्या मध्यंतरांत चेंडू अधर खेळवून प्रेक्षकांस रिझवीत असे. पुढें २२ जून १९८६ रोजीं मेक्सिकोंत इंग्लंडविरुद्ध त्यानें आपल्या अर्धांतून चेंडू नेत, एकामागून एक गडी चुकवून जो गोल केला, त्यांत चेंडू भूमीवरच होता. अधर खेळाचा लवलेशही त्यांत दिसत नाहीं. पण पायापासून वीतभरही दूर न जाणारा तो स्पर्श कोठून आला, हें सांगावयास नको.

म्हणून केवळ आंकडा मोजीत बसणें मला मान्य नाहीं. शंभर वेळां चेंडू उडविणाऱ्या मुलापुढें प्रतिपक्षाचा गडी उभा नसतो; मान वर करून सोबत्याकडे पाहण्याचें कारणही त्यास पडत नाहीं. पन्नास झाले कीं अभ्यास बदलावा. चालत चालत खेळवावा; मधूनच चेंडू डोक्याच्या वर उंच उडवून खालीं येतांना पायावर अलगद झेलावा. सामन्यांत उपयोगी पडतें तें हेंच. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलांत २०१६ पासून मुंबई सिटीचा संघ सामने खेळत आला आहे. पालकांनीं मुलामुलींस तेथें न्यावें आणि गोलकडे न पाहतां, उंचावरून आलेला चेंडू खेळाडू पहिल्या स्पर्शांत कसा शांत करतो, तेवढेंच पाहावयास सांगावें.

राहिला प्रश्न गॅलरींतील आदळआपटीचा. ज्यास आवारही मिळत नाहीं, त्यानें जुन्या मोज्यांत कागद व चिंध्या कोंबून, तोंड घट्ट बांधून चेंडू करावा. ब्राझीलचा पेले बालपणीं अशाच चेंडूनें खेळे. हा चेंडू उसळत नाहीं, म्हणून त्यास अधर ठेवणें खऱ्या चेंडूहून कठीण. आणि खालच्या बिऱ्हाडाची तक्रारही येत नाहीं.