बोगद्यातल्या गाडीला आपली जागा कशी कळते?

भोकरहून नंदीग्राम एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरलं, की आता तिथल्याच जिन्याने खाली जाऊन मेट्रो ३ पकडता येते. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जवळजवळ सगळा जमिनीखाली, आणि तिथे उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. मग पुढची गाडी किती लांब आहे हे मागच्या गाडीला कसं कळतं? या मार्गावर सीबीटीसी, म्हणजे रेडिओ-संवादावर चालणारी नियंत्रणपद्धत आहे. अशा पद्धतीत गाडी स्वतःची जागा स्वतःच काढते आणि सतत कळवत राहते.

सुरुवात चाकापासून. आसाला लावलेला टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारं यंत्र, फेऱ्यांवरून अंतर काढतो. चूक इथेच शिरते. समजा, झिजून चाकाचा व्यास १ सेंटीमीटरने कमी झाला आणि यंत्राला ते सांगायचं राहिलं, तर हजार फेऱ्यांत ३१ मीटरचा फरक पडतो. ब्रेक लावताना चाक घसरलं, तर गाडी पुढे जाते आणि फेरे मोजलेच जात नाहीत.

म्हणून अनेक गाड्यांच्या पोटाखाली रडार बसवतात. ते तिरक्या कोनात खालच्या जमिनीवर रेडिओलहरी सोडतं आणि परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली, त्यावरून वेग काढतं. आपण फाटकाशी उभे असताना जवळ येणाऱ्या इंजिनाचा हॉर्न चढा आणि पुढे गेल्यावर उतरता ऐकू येतो, तोच हा डॉप्लर परिणाम. चाक घसरलं तरी रडार फसत नाही. त्याचा शत्रू वेगळा: साचलेलं पाणी. सपाट पाण्यावरून लहरी पुढेच निसटतात, परत फारशा येतच नाहीत. समोरच्या झाकणावर चिखल बसला तरी वाचन बिघडतं. म्हणून टॅकोमीटर आणि रडार एकमेकांना पडताळतात.

तरी थोडी चूक साठतेच. ती पुसायला रुळांच्या मध्ये ठरावीक जागी खुणेची पेटी, बलीज, असते. गाडी वरून जाताना ती आपला क्रमांक सांगते आणि हिशेब नव्याने सुरू होतो. आपल्या मुदखेड-मनमाड मार्गावरच्या, गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेतही स्लीपरवरचे आरएफआयडी टॅग हेच काम करतात.

आता निरोप. बोगद्यात लहरी भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात, वळणावर अडतात. त्यामुळे अँटेना थोड्या-थोड्या अंतरावर लावून त्यांचे टापू एकमेकांवर चढवावे लागतात. निरोप मिळाला की नियंत्रक संगणक मागच्या गाडीला कुठवर जायची मुभा आहे ते ठरवतो. मोजणीत जितकी शंका, तितकं अंतर तो जास्त सोडतो. मला या पद्धतीतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

निरोप काही सेकंद तुटला, तर गाडी ब्रेक लावून थांबते. आपल्याला ती बोगद्यात उगाच उभी वाटते, पण तेच अपेक्षित आहे. गाडीला आपली जागाच सांगता येईनाशी झाली, तर आस मोजणारी रुळांवरची यंत्रं तो पट्टा व्यापलेला असल्याचं दाखवत राहतात. मग चालक गाडी मंद वेगाने पुढे नेतो आणि ओळीने दोन बलीज वाचून झाल्या, की तिची जागा आणि दिशा पुन्हा पक्की होते.